मालाया विशेराहून मागे फिरलेली गाडी

१५ मार्च

जुन्या रशियन पंचांगाने आज २ मार्च. १९१७ साली याच तारखेला प्स्कोव्ह स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीत रशियाच्या झारने (सम्राटाने) निकोलस दुसऱ्याने सिंहासन सोडले. राजेशाही का पडली असे विचारले की युद्ध, पावाची टंचाई, राजघराण्यावर वजन असलेला साधू रास्पुतिन ही कारणे पाठ म्हटल्यासारखी येतात. ती खोटी नाहीत, पण त्याच आठवड्यात ती का पडली याचे उत्तर त्यांत नाही. त्यासाठी रेल्वेचा नकाशा पाहावा लागतो. आज तोच समोर घेऊन बसलो. (पुढच्या १९१७ च्या तारखा जुन्या, १३ दिवस मिळवले की आपली तारीख येते.)

२७ फेब्रुवारीला राजधानी पेट्रोग्राडमधल्या व्होलिन्स्की पलटणीने बंड केले. आदल्याच दिवशी तिला जमावावर गोळीबार करायला लावले होते. झार तेव्हा मोगिलेव्हला, लष्कराच्या मुख्यालयात. २८ च्या पहाटे ५ वाजता त्याची गाडी निघाली. विटेब्स्क-द्नो हा जवळचा मार्ग बंड मोडायला निघालेल्या जनरल इवानोव्हच्या फौजेला मोकळा ठेवायचा, म्हणून झार स्मोलेन्स्क, व्याझ्मा, बोलोगोये असा वळसा घालून गेला. इवानोव्हबरोबर होते सातशेच्या आसपास शिपाई. राजधानीतल्या छावण्यांत दीड लाखाहून जास्त, बहुतेक नवी भरती. ज्या फौजेसाठी राजाने रस्ता सोडला, ती काहीच करू शकणार नव्हती.

त्याच दिवशी दुमाचा, म्हणजे रशियाच्या संसदेचा, सदस्य बुब्लिकोव्ह याने थोडे शिपाई घेऊन रेल्वे मंत्रालय ताब्यात घेतले आणि रेल्वेच्या तारेवरून देशभरच्या स्टेशनांना कळवले की सत्ता आता दुमाने हाती घेतली आहे. माझ्या मते फेब्रुवारीतली सर्वांत हुशार चाल हीच. मध्यरात्र उलटल्यावर मालाया विशेरा येथे, राजधानी १६० किलोमीटरवर असताना, पुढची ल्युबान आणि तोस्नो स्टेशने बंडखोरांकडे गेल्याचे समजले. गाडी मागे फिरली, बोलोगोयेवरून पश्चिमेला वळली आणि १ मार्चच्या संध्याकाळी प्स्कोव्हला पोचली. जवळजवळ दोन दिवस साम्राज्याचा प्रमुख रुळांवर होता, आणि त्या काळात निर्णय घेत होते दुसरेच.

प्स्कोव्हला उत्तर आघाडीचा सेनापती रुझ्स्की होता. २ मार्चच्या पहाटे तो दुमाचा अध्यक्ष रोद्झ्यान्को याच्याशी छापील तारयंत्रावर चार तास बोलला. मग मुख्यालयातून लष्करप्रमुख अलेक्सेयेव्हने इतर सेनापतींची मते मागवली. दुपारपर्यंत उत्तरे आली: ब्रुसिलोव्ह, एव्हर्ट, साखारोव्ह आणि झारच्या वडिलांचा चुलतभाऊ निकोलाय निकोलायेविच, सगळ्यांचा सूर एकच, पायउतार व्हा. रस्त्यावरच्या जमावाला झार बधला नसता. सेनापतींपुढे त्याचा इलाज चालला नाही.

कागदातही गोम आहे. आधी मुलगा अलेक्सेईसाठी राज्य सोडायचे ठरले. मग राजवैद्य फ्योदोरोव्हने मुलाचा रक्तस्रावाचा आजार बरा होणारा नाही असे सांगितले, तेव्हा झारने भाऊ मिखाईलचे नाव घातले. सही झाली रात्री पावणेबाराच्या सुमारास, पण वेळ टाकली दुपारची ३ वाजून ५ मिनिटांची, म्हणजे सही घ्यायला आलेल्या दुमाच्या दूतांनी दबाव आणला असे दिसू नये. पेन्सिलीने केलेली ती सही १७९७ च्या वारसा कायद्याशी जुळत नव्हती; वारसाचा हक्क बापाला सोडता येत नसे.

दुसऱ्या दिवशी मिखाईलने लिहून दिले की संविधान सभेने राज्य दिले तरच घेईन, तोवर दुमाच्या पुढाकाराने बनलेल्या हंगामी सरकारला माना. झाले! सिंहासनाचा निकाल सभेवर ठेवला आणि सभाच लांबणीवर टाकली. निवडणूक १७ सप्टेंबरची होती, ती १२ नोव्हेंबरवर गेली. या फटीत २५ ऑक्टोबरला लेनिनच्या बोल्शेविकांनी टेलिफोन एक्स्चेंज, स्टेट बँक, पूल आणि स्टेशने घेतली. हिवाळी राजवाडा सगळ्यांत शेवटी, रात्री दोनला. हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्की फौज आणायला गेला तो थेट प्स्कोव्हला, आणि तिथल्या सेनापतीने त्यालाही हात वर करून दाखवले.

निवडणुकीत बोल्शेविकांना सुमारे चौथाई मते पडली, समाजवादी क्रांतिकारक या दुसऱ्या पक्षाला त्याहून बरीच जास्त. ५ जानेवारी १९१८ ला भरलेली सभा दुसऱ्या दिवशी पहाटे गुंडाळली गेली. मिखाईलला जूनमध्ये पेर्मजवळ गोळ्या घातल्या (ही तारीख नव्या पंचांगाची), निकोलसच्या पाच आठवडे आधी. त्या कागदाप्रमाणे पाहिले तर थोडाफार दावा उरला होता तो त्याचाच.