पालखी तळावरची मच्छरदाणी

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात दोन आणि सासवडला दोन मुक्काम करते, तिथवर आमच्या दिंडीत मच्छरदाणीचा विषय फारसा निघत नाही. पुण्यात बऱ्याच जणांना छप्पर मिळतं. सासवड-जेजुरीच्या माळावर पश्चिमेचा वारा सुटलेला असतो आणि वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही. विषय निघतो तो नीरास्नान उरकून लोणंदला उतरल्यावर. तिथून पुढे तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर हा नीरा उजव्या कालव्याचा पट्टा: उसाचे फड, भरलेले पाट, रात्री पडलेला वारा. पहिल्या दिवसापासून ट्रकमध्ये वळकट्यांच्या तळाशी दबलेल्या मच्छरदाण्या इथे वर येतात, आणि कुणाची फाटलेली, कुणाची आखूड हे तेव्हाच कळतं.

इथे एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. जाळी धड असेल तर डास जाळीतून आत येत नाही. तो माणसाच्या पाठोपाठ, उघड्या दारातून येतो. रात्रभर कानाशी गुणगुणणारा डास बहुतेक वेळा दिवेलागणीलाच आत आलेला असतो.

वारीत ही वेळ फार वाईट जुळून येते. पालखी तळावर पोचते, समाजआरती, म्हणजे सगळ्या दिंड्यांची एकत्र आरती, होते आणि माणसं आपापल्या राहुट्यांकडे वळतात तेव्हा साधारण सूर्यास्त झालेला असतो. हिवतापाचा अ‍ॅनोफिलिस आणि घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स यांची कामाची वेळ इथूनच सुरू होते. चावते ती फक्त मादी. ती माणूस शोधते श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उबेवरून आणि घामाच्या वासावरून. दिवसभर चालून आलेल्या वीस-पंचवीस जणांची राहुटी म्हणजे तिला लांबूनच आवतण. म्हणून मच्छरदाण्या टांगायचं काम चालणाऱ्यांवर सोडू नये. ट्रकसोबत पुढे गेलेली मंडळी दुपारी राहुटी ठोकतात, त्याच वेळी जाळ्या टांगून, चारी कडा दाबून तयार ठेवाव्यात. माणूस आला की फक्त आत शिरेल.

टांगण्याआधी मात्र राहुटी झाडायची. डास दिवसा अंधाऱ्या, दमट जागी बसतात आणि राहुटीच्या आतल्या कनाती अगदी तशाच असतात. चारी बाजू वर गुंडाळून अर्धा तास वारा खेळू द्या, कापडावर काठी आपटा, मग जाळ्या लावा. हे न करता जाळी टांगली तर डास आतच कोंडले जातात.

जागा निवडायला फार वाव नसतो, दिंडीची जागा ठरलेली असते. तरी त्या जागेत उसाच्या बांधाकडची कड सोडून मोकळ्या, उंचवट्याच्या बाजूला झोपायचं आणि त्या बांधाकडे ट्रक लावायचा एवढं करता येतं. हॅलोजन किंवा पांढरा झगझगीत दिवा राहुटीच्या दारावर नको. त्याने किडे गोळा होतात आणि दाराजवळची वर्दळही वाढते. दिवा स्वयंपाकाकडे, झोपायच्या जागेपासून तीसेक फूट लांब ठेवा. आचारी सांडपाणी सोडतात त्यामुळे डास झाले अशी तक्रार दर वर्षी कानावर येते. ती खरी नाही. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, एका रात्रीत काही होत नाही. तुम्हाला चावणारे डास त्या गावात आधीच तयार झालेले असतात. उलट आपण टाकलेले द्रोण, प्लास्टिकचे पेले आणि ट्रकच्या चाकोऱ्यांत साचलेलं पाणी यांचे डास आपण पंढरीत पोचल्यावर त्या गावाला चावतात. तेवढ्यासाठी तरी निघताना पेले गोळा करावेत.

आता जाळी. मोठ्या राहुटीत ओळीने झोपणाऱ्यांसाठी साधी चौकोनी मच्छरदाणी अजूनही सर्वांत भरवशाची, पण ती पलंगासाठी शिवलेली असते आणि आपण झोपतो जमिनीवर. त्यामुळे टांगायची रीत बदलावी लागते. राहुटीच्या दोन खांबांमध्ये साधारण पाच फूट उंचीवर 4 मिलिमीटरची नायलॉन दोरी ताणून बांधा. या एकाच दोरीला मच्छरदाणी थेट अडकवली तर ती वर निमुळती होते आणि दोन्ही बाजू अंगावर येतात. म्हणून प्रत्येक जाळीला तिच्या रुंदीएवढ्या, म्हणजे तीन फुटांच्या, बांबूच्या दोन कामट्या लागतात. एक डोक्याकडे, एक पायाकडे. जाळीचे चार नाडे कामट्यांच्या चार टोकांना आणि कामट्या मधोमध दोरीला. कामटी कलंडू नये म्हणून तिची दोन्ही टोकं सुतळीच्या तिकटीने दोरीला धरून ठेवायची. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, त्यामुळे एक टोक सरगाठीने बांधा, म्हणजे पाऊस पडून गेल्यावर ओढून घेता येतं. सुती दोरी उलट वागते: भिजली की आखडते आणि रात्रीत मेख उपटते.

खालची कड हा खरा कच्चा दुवा. खाली ताडपत्री, वर जाळीची कड, तिच्यावर सतरंजी, असा थर लावा. कड निदान एक वीत आत गेली पाहिजे, नाहीतर कूस बदलताना ती सुटते. आखूड जाळीला घरूनच खाली फूटभर जुन्या धोतराची पट्टी जोडून आणावी. झोपल्यावर कोपर, गुडघा किंवा पाऊल जाळीला टेकलं की डास बाहेरूनच चावतो. जाळी आणि अंग यांत वीतभर अंतर हवं. यासाठी पिशवी पायाशी आणि कपड्यांची गुंडाळी कुशीला, जाळीच्या आत ठेवा. त्या दोन्ही वस्तू जाळी बाहेर ढकलून धरतात, शिवाय रात्री काही काढायला जाळी उचलावी लागत नाही. पाण्याची बाटली, बॅटरी, गोळ्या, सगळं आत.

हल्ली बरेच जण पोलादी तारेची घडीची मच्छरदाणी आणतात, पिशवीतून काढली की आपोआप उघडणारी. दोरी-कामटी लागत नाही, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळाच्या ओवरीत फार सोयीची. तिच्या अडचणी तीन. एक, वजन नसल्याने ती उडते. चारी कोपऱ्यांत आतून भरलेल्या बाटल्या ठेवा. दोन, तळाचं कापड पातळ असतं आणि वेड्या बाभळीचा एक काटा त्याला पुरतो. खाली ताडपत्री नसेल तर उघड्या शेतात ती लावूच नये. तीन, घडी. तार आठाच्या आकड्यात पिळून दुमडावी लागते आणि पहाटेच्या अंधारात काकड्याच्या घाईत जोर लावला की ती तुटते. निघण्यापूर्वी घरी डोळे मिटून घडी जमेपर्यंत सराव करा. हसू नका, दर वर्षी कुणीतरी उघडीच मच्छरदाणी डोक्यावर घेऊन ट्रकमागे पळत असतो. चेनमध्ये काळी माती बसली की ती अडकते आणि ओढली की दात सुटतात. जुन्या दातघासणीच्या ब्रशाने माती काढून दातांवर मेणबत्ती घासा. चेन पूर्ण लावल्यावर दोन्ही सरक्या वरच्या बाजूला आणा. खालच्या कोपऱ्यात भेटल्या तर तिथे बोटभर फट राहते.

दोन माणसांचा छोटा तंबू आणणाऱ्यांचा त्रास निराळा. तंबू एकाच कापडाचा असतो. पाऊस आला की खिडक्यांचे पडदे खाली, दोन माणसांच्या श्वासाची वाफ आत, कापडाला दव, आणि मध्यरात्री कासावीस होऊन कुणीतरी दार उघडतं. मग तंबूला जाळी असून नसून सारखीच. यावर उपाय तंबूच्या वर आहे. तंबूच्या फूटभर वर स्वतंत्र दोरीवर आठ बाय दहा फुटांची ताडपत्री बांधायची, उतरती कड पश्चिमेला, कारण आषाढातला पाऊस बहुधा तिकडूनच येतो. मग खिडक्यांचे पडदे पावसातही वर ठेवता येतात, हवा खेळती राहते आणि दार बंद राहतं. ताडपत्री तंबूला टेकली तर काही उपयोग नाही, मधली मोकळी जागाच काम करते.

जाळी विकत घेताना भोकं मोजा. डासांसाठीच्या चांगल्या जाळीत चौरस इंचाला 156 भोकं असतात, म्हणजे एका इंचाच्या रेषेत 12 ते 13. पट्टी ठेवून दोन सेंटिमीटरमध्ये दहाच्या आसपास भरली की ठीक. स्वस्त तंबूंच्या खिडक्यांना कधीकधी याहून विरळ जाळी असते, ती माश्यांना अडवते, डासांना नाही. फाटलं तर सुईदोरा. तो नसेल तर दोन्ही बाजूंनी समोरासमोर चिकटपट्टी. एकाच बाजूला लावलेली पट्टी दमट हवेत सकाळपर्यंत सुटते.

औषध मुरवलेल्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाण्यांचा गट वेगळा. त्यांच्या धाग्यात परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं, जाळीवर बसलेला डास मरतो, त्यामुळे एखादं भोक राहिलं तरी निभावतं. नवी जाळी पाकिटातून काढल्यावर एक दिवस सावलीत उघडी टांगा, मगच वापरा. साधारण वीस धुण्यांपर्यंत औषध टिकतं. उन्हात वाळवली तर लवकर जातं. आणि ही जाळी नीरेत किंवा चंद्रभागेत अजिबात धुऊ नका. हे औषध माशांना विषारी आहे. बादलीत धुवा, पाणी जमिनीवर लांब ओता.

आत शिरण्याची शिस्त अशी. बाहेर उभं राहून कपडे झटका, डास पाठीवर बसून येतात. बॅटरी बंद करा. जाळी गुडघ्याएवढीच उचला, बसून सरका, लगेच कड मागून दाबा. मग आतून बॅटरी लावून वरचे चारी कोपरे पाहा, आत आलेला डास तिथेच बसतो. टाळी वाजवण्यात वारकरी कच्चा नसतो. रात्री लघवीला उठणारी ज्येष्ठ मंडळी दाराच्या कडेला झोपवा, म्हणजे चार जाळ्या तुडवल्या जात नाहीत.

कॉइल राहुटीत किंवा तंबूत लावू नये, हे कितीही सांगितलं तरी कमीच. बंद जागेत तिचा धूर छातीला मारतो, कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि गवत, सतरंजी, नायलॉन हे सगळं पेट घेणारं. लावायचीच तर बाहेर, वारा येतो त्या बाजूला, पत्र्याच्या ताटलीत. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर असेपर्यंत डास लांब राहतात, विझला की परत. आणि उद्या चाल लावायची असेल तर गळ्यालाही तो धूर मानवत नाही. विजेवरची द्रावणाची कुपी चार भिंतींच्या खोलीसाठी आहे. मोबाइलमधून आवाज काढून डास पळवणारी अ‍ॅप काहीच करत नाहीत.

अंगाला लावायचं औषध मात्र कामाचं आहे, मुख्यतः जाळीबाहेरच्या वेळेसाठी: हरिपाठ, कीर्तन, जेवणाची पंगत. त्यात डीईईटी हे डास दूर ठेवणारं रसायन 20 ते 30 टक्के असेल तर चार ते सहा तास पुरतं, पिकारिडिन 20 टक्क्यांचं आठ तासांच्या आसपास. टक्केवारी वाढली की जोर वाढत नाही, टिकण्याचा वेळ वाढतो. घाम आणि पाऊस दोन्ही ते धुऊन नेतात, तेव्हा भिजल्यावर पुन्हा लावा. सिट्रोनेलासारखी तेलं तास-दोन तासांपलीकडे धरत नाहीत. पावलं आणि घोटे विसरू नका, बसलेल्या माणसाला डास तिथेच धरतात. डीईईटीने चष्म्याची काच, घड्याळ, रेक्झिन आणि काही कृत्रिम कापडं खराब होतात; तळवे पुसूनच टाळ आणि मोबाइल हातात घ्या, प्रसादाआधी हात धुवा. दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीही लावायचं नाही, त्याच्यावर जाळीच.

दुपारच्या विसाव्याकडे कुणी लक्ष देत नाही. डेंग्यू-चिकुनगुन्याचा एडिस दिवसाच चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि सूर्यास्तापूर्वी जास्त. तो वाढतो गावातल्या टाक्या, रांजण आणि टायरमध्ये, म्हणजे झाडाखालच्या ज्या सावलीत आपण आडवे होतो तिच्या आसपासच. पंचा किंवा पातळ उपरणं तोंडावर आणि पायांवर घेऊन झोपावं. फिकट, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा इथे उपयोगी पडतो. घट्ट कपड्यातून तो सरळ चावतो.

पहाटे जाळी ओलीच गुंडाळावी लागते, त्याला इलाज नाही. पण ती वळकटीत घालू नका, वेगळ्या पिशवीत वर ठेवा आणि दुपारी ट्रकच्या फाळक्यावर सावलीच्या बाजूला पसरा. दोन दिवस ओली राहिलेल्या जाळीला वास येतो, मग माणसं ती लावायचाच कंटाळा करतात.

वाटेत किंवा घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर थकव्याचा म्हणून अंगावर काढू नका. रक्त तपासा आणि डॉक्टरांना वारीचा मार्ग सांगा. पायदुखीसाठी जवळ बाळगलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या त्या तापात घ्यायच्या नाहीत, डेंग्यू असला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी.