तुम्ही विचारलंत म्हणून: सहाच महिने का?

ब्रिटिश सैनिक अफगाणिस्तानात एका वेळी सहाच महिने का राहायचे, हे गावी गेले की कुणी ना कुणी विचारतंच. साताऱ्याकडे घरटी एक फौजी, त्यामुळे विचारणाराही कच्चा नसतो. माझा धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन रिटायर झाला. त्याचं ठरलेलं वाक्य: "अक्का, आमची पलटण दोन-दोन, तीन-तीन वर्षं फील्डला, म्हणजे सीमेवर असायची. तुमचे गोरे सहा महिन्यांत दमायचे व्हय?" मुलगा ब्रिटनमध्ये जन्मला, तिथल्या आर्मीत गेला, अफगाणिस्तानातल्या हेलमंड प्रांतात जाऊन आला. म्हणून अख्ख्या ब्रिटिश लष्कराची वकिली माझ्या गळ्यात! एकदा लिहूनच टाकते.

आधी हिशेब. आपल्या जवानाला वर्षाला दोन महिने वार्षिक सुट्टी, वर महिनाभर सीएल, म्हणजे किरकोळ रजा. फील्डच्या तीन वर्षांतले कितीतरी महिने तो घरी असतो. हेलमंडच्या टूरमध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या नेमणुकीत, मध्ये एकदाच दोन आठवडे सुट्टी मिळायची, त्यातलाही वेळ विमानांची वाट बघण्यात जायचा. आणि सियाचीनच्या चौकीवरून पोरांना साधारण तीन महिन्यांत खाली का आणतात? शरीर आणि डोकं किती ताणायचं याला मर्यादा असते म्हणूनच ना? हेलमंडमधल्या सांगीनला, जिथे मुलगा होता, बर्फ नव्हतं, पण प्रत्येक पाऊल टाकण्याआधी पुढचा माणूस जमिनीत पुरलेले बॉम्ब शोधायला डिटेक्टर फिरवायचा. असं रोज चालायचं. सहा महिने कमी वाटतात, ते न चालणाऱ्याला.

हे झालं वकिलीचं. आता जे गावी कधी बोलले नाही ते.

2009 साल. मुलाचे सांगीनमधले शेवटचे दिवस. नवी पलटण येऊन पोचली होती. जुन्यांनी नव्यांना सोबत घेऊन फिरायचं, वाटा दाखवायच्या, मग निघायचं, अशी पद्धत. आठवड्याला 30 मिनिटं फुकट फोन असायचा, तो ठरलेल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिथे कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं, की त्याच्या घरी निरोप पोचेपर्यंत सगळ्यांचे फोन, इंटरनेट बंद करायचे. त्याचं नाव ऑपरेशन मिनिमाइझ. नियम चांगलाच आहे, आईला मुलाची बातमी फेसबुकवर कळू नये. पण त्यामुळे फोन गप्प झाला की सगळ्या घरांना कळायचं, कुणाचं तरी काहीतरी झालंय. आणि आपलंच असेल तर फोन नाही, दाराची बेल वाजणार.

बेल वाजली. काचेतून गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस दिसत होता. माझे पाय हलेनात. यांनी दार उघडलं. गॅसचं मीटर बघायला आला होता. तो आत येऊन, जिन्याखाली वाकून आकडे टिपून गेला, आणि मी तशीच भिंतीला धरून उभी.

रात्री फोन आला. "मी बरा आहे. नव्यांपैकी एक होता." त्या पोराचे दोन्ही पाय गेले होते. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला आता हात अडखळतोय: बरं झालं, नव्यांतला होता. माझे सहा महिने संपत आले होते. त्याच्या आईने अजून पहिला आठवडाही काढला नव्हता.

पुढे घरी आल्यावर मुलगा एकदाच त्याबद्दल बोलला. ज्या भिंतीजवळ ते घडलं, ती त्यानेच त्या पोराला दाखवली होती. "गेल्या आठवड्यात तिथे काही नव्हतं गं." सहा महिन्यांत डोक्यात भरलेला नकाशा, आणि तो दुसऱ्याच्या हाती देईपर्यंत शिळा.

म्हणजे भावाचं बरोबर? काही अंशी हो, आणि हे मला टोचतं. हेलमंडमध्ये 2006 पासून एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमाराला अख्खी ब्रिगेडच, म्हणजे काही हजारांची फौज, बदलायची. हेलमंडमधल्या एकट्या मुसा कला गावाचंच बघा. 16 एअर असॉल्ट ब्रिगेड तिथे लढली, शेवटी गावच्या वडीलधाऱ्यांशी समझोता होऊन ऑक्टोबर 2006 मध्ये ब्रिटिश बाहेर पडले. फेब्रुवारी 2007 मध्ये तालिबान आत घुसले, तेव्हा प्रांतात 3 कमांडो ब्रिगेड. उन्हाळ्यात 12 मेकनाइझ्ड ब्रिगेड. डिसेंबरात गाव परत घेतलं, तोवर 52 ब्रिगेड आली होती. दीड-पावणेदोन वर्षांत चार कमांडर, प्रत्येकाची आपली योजना. मुलाच्या भागातला एक म्हातारा पाटाच्या पाण्याची तक्रार घेऊन यायचा. निरोपाच्या वेळी त्याने दुभाष्याकरवी एवढंच विचारलं म्हणे, आता नव्या साहेबाला परत पहिल्यापासून सांगायचं का?

तेव्हाची मी असते तर म्हणाले असते, त्या म्हाताऱ्याच्या पाण्यासाठी माझं पोर वर्षभर तिथे ठेवायचं? आजही तसं अजिबात वाटत नाही, असं म्हणवत नाही. अमेरिकन आर्मीने तर एका काळात 15 महिन्यांच्या टूर केल्या. तरी 2021 च्या ऑगस्टमध्ये हेलमंडची राजधानी लष्करगाह तालिबानच्या हाती पडायची ती पडलीच. उलट ब्रिटिशांनीही शेवटी शेवटी काहींची मुदत आठ-नऊ महिन्यांवर नेली, म्हणजे त्यांनाही काहीतरी खटकलंच असणार.

मुलाचं मत तिसरंच. मुदतीचा प्रश्नच नाही म्हणतो, सगळ्यांना एकदम उचललं तिथे चुकलं. अर्धे ठेवून अर्धे बदलायचे होते. मला पटलं. मग मी विचारलं, राहणाऱ्या अर्ध्यांत कोण राहिलं असतं? "मी राहिलो असतो," तो म्हणाला. त्यावर मी त्याला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.