आमच्या गॅदरिंगमध्ये अंधार चालायचा नाही

कर्णबधिर मुलांच्या सरकारी शाळेतलं गॅदरिंग म्हटलं की मला आधी आठवतं ते दिव्यांवरून होणारं भांडण. प्रवेश बदलताना दिवे घालवायचे, ही नाटकवाल्यांची रीत. पण आमच्याकडे दिवे गेले की सभागृहातल्या सगळ्यांचं हातांच्या खुणांनी चाललेलं बोलणंच तुटायचं. मुलं पाय आपटून गहजब करायची. शेवटी एक दिवा कायम चालू ठेवायचा असं ठरलं आणि नेपथ्याची उचलाउचल सगळ्यांच्या देखत होऊ लागली. मुलांना तीच जास्त आवडायची.

नाच बघून पाहुणे हमखास विचारायचे, ऐकू येत नाही तर ठेका कसा धरतात? रंगमंच लाकडी फळ्यांचा होता, ढोल फळीला टेकवून ठेवायचा, ठेका तळपायातून कळायचा. शिवाय मी रंगमंचासमोर खाली बसून बोटांनी मात्रा दाखवायचे. आणि ऐकू येत नाही हेही सरसकट खरं नसतं. काहींना ढोल ऐकू यायचा, शिट्टी नाही. तेव्हाची श्रवणयंत्रं छातीवर पट्ट्यांनी बांधायची असत. त्या पेटीसाठी पोशाखात जागा ठेवायची, वायर वेणीखालून न्यायची. कानातला साचा सैल झाला की यंत्र कुंईऽऽ करायचं. पालक दचकायचे, पण ज्याचं यंत्र त्याला बहुतेकदा पत्ताच नसायचा.

टाळ्या म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे फिरवायचे. नव्या पाहुण्यांना वाटायचं, मुलं निरोप देताहेत!

वर्गात मात्र भर ओठ वाचण्यावर आणि उच्चारांवर. 1880 साली मिलानच्या परिषदेत कर्णबधिरांच्या शिक्षकांनी बोलण्याची पद्धत खुणांपेक्षा श्रेष्ठ ठरवली. मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्या ठरावाची सावली शंभर वर्षं देशोदेशीच्या शाळांवर राहिली. 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेने तो नाकारून खेद व्यक्त केला, तोवर किती पिढ्या शिकून बाहेर पडल्या होत्या! पण खुणा कुठे जाणार? दहातली नऊ कर्णबधिर मुलं तरी ऐकणाऱ्या घरांत जन्मतात, म्हणजे ही भाषा आईकडून मिळण्याची सोय नाही. ती मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे जाते, वसतिगृहात आणि रंगपटात. मोठी मुलगी एका हाताने धाकट्याला मिशी काढतेय आणि दुसऱ्या हाताने त्याला भुताची गोष्ट सांगतेय, असं मी कितीदा पाहिलंय. तो हसला की मिशी वाकडी, की पुन्हा पहिल्यापासून. माझं खुणेचं नावही रंगपटातच पडलं: चष्मा नाकावर वर सरकवायचा. चष्मा सुटला, नाव तेच आहे.

दरवर्षी जमण्याची ही ओढ जुनी आहे. अठराव्या शतकात गरीब कर्णबधिर मुलांना फुकट शिकवणारे पॅरिसचे धर्मगुरू आबे द लेपे यांच्या जन्मदिनी, 1834 पासून तिथली कर्णबधिर मंडळी मेजवानीला जमू लागली. पुढाकार फर्दिनां बेर्तिए या कर्णबधिर शिक्षकाचा, आणि भाषणं खुणांत. आमच्याकडचे माजी विद्यार्थीही तसेच. कार्यक्रम संपला तरी हलायचे नाहीत, दिव्याखाली घोळका करून गप्पा मारत बसायचे. रखवालदाराला दिवा घालवल्याशिवाय त्यांना घालवता यायचं नाही.

आता शाळेचा पट रोडावलाय. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं श्रवणयंत्र, झालेली मुलं सामान्य शाळेत जातात. चांगलंच आहे, पण भर वर्गात एकट्या कर्णबधिर पोराला चेष्टामस्करीत कोण घेतं, हेही बघायला हवं. अशी मुलं आता गॅदरिंगला पाहुणी म्हणून येतात आणि पहिला तासभर नुसती बघत राहतात.

सूत्रसंचालन माजी विद्यार्थ्यांनी हातात घेतलंय, अर्थात खुणांमध्ये. मध्यंतरी प्रमुख पाहुण्यांनी माइकजवळ उभ्या असलेल्या दुभाषी बाईंकडे बघून कौतुकाने विचारलं, "या मुलांसाठी ठेवल्या आहेत का?" शेजारी बसलेले मुख्याध्यापक म्हणाले, "नाही साहेब, तुमच्यासाठी."