बोगनवेल: जून ते जानेवारी

जूनमध्ये मिसेस बट या बोगनवेलीच्या जातीच्या पेन्सिलीएवढ्या जाड बारा काड्या लावल्या. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट. मग पंधरा दिवस पुण्यात पावसाने उसंत दिली नाही, पिशव्या निथळेनात आणि सात काड्या बुडाशी काळ्या पडून गेल्या. शेडनेटवर प्लास्टिक टाकायचा आळस नडला. उरलेल्या पाचांपैकी चार फुटल्या. पाचवी अजून नुसतीच हिरवी उभी आहे, ना जगते ना मरते.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढा खटाटोप कशाला, बी टोच की." हिला बी धरतच नाही! ग्लाब्रा आणि पेरूवियाना या बोगनवेलीच्या दोन प्रजातींचा हा संकर माणसाने घडवलेला नव्हे. १९१० साली कोलंबियात, कार्ताहेनाच्या एका बागेत तो मिसेस बट नावाच्या बाईंना सापडला आणि तिथून त्रिनिदादला गेला. गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, ३४ च्या जागी ५१. जोड्या जमायच्या कशा? त्यामुळे माझ्या चार काड्याही, हातोहात इथवर आलेल्या, त्याच झाडाच्या फांद्या. काकूंना हे फारसं पटलं नाही.

तीन वर्षांच्या जुन्या झाडाला ऑक्टोबरअखेर ताण दिला, डाळिंबवाले बहर धरताना देतात तसा. नत्राचं खत बंद, पानांनी माना टाकल्याशिवाय पाणी नाही. घरात "मारणार आहेस का त्याला?" सुरू झालं. तेविसाव्या दिवशी शेंड्यांना लाली दिसली. डिसेंबरात पान दिसत नव्हतं, नुसती किरमिजी सहपत्रं, म्हणजे फुलाभोवतीची रंगीत पानं. मधली पांढरी नळीची फुलं, म्हणजे खरी फुलं, चष्मा लावूनच बघावी लागतात.

आता जानेवारीतली गंमत. मेरी पामर ही दुसरी जातसुद्धा मिसेस बटच्याच फांदीवर, कोलकात्यात उपजलेली. बी नसलं तरी फांदीवरच्या डोळ्यातून, म्हणजे कोंबातून, हे झाड असं बदलत राहतं. मेरी पामरच्या अंगात दोन तऱ्हेच्या पेशी, म्हणून एकाच झाडावर पांढरा आणि राणी रंग. माझ्याकडच्या झाडाची खालची एक फांदी मात्र या वेळी पूर्ण राणी निघाली, पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नाही. अशी फांदी जोमदार असते, ठेवली तर पांढऱ्याला दाबून टाकेल. कापायचीच आहे, पण फुलं झडू देतो. तोवर ओळखीला लाल दोरा बांधलाय. फेब्रुवारीत तिच्या तीन काड्या वेगळ्या लावणार, या वेळी निव्वळ वाळूत.