कोराकुएनमधले भातखाचर

तोक्यो, जूनचा दुसरा आठवडा

आज सकाळी कोइशिकावा कोराकुएन ही जुनी बाग पाहण्यास गेलो आणि दुपार होईपर्यंत तिथेच राहिलो. इइदाबाशी स्थानकापासून पायी जाता येते. मोठ्या रस्त्यावरची वर्दळ ओलांडली की लगेच जुनी भिंत लागते आणि तिच्या आत सुमारे 7 हेक्टरांची ही बाग आहे. झाडांच्या शेंड्यांवर तोक्यो डोमचे पांढरे छप्पर सतत दिसते, आणि शेजारच्या मनोरंजन केंद्रातील रोलर कोस्टरवरून येणाऱ्या आरोळ्याही अधूनमधून ऐकू येतात. मला त्यांचा त्रास झाला नाही. वाढत्या शहराने चारी बाजूंनी वेढूनही ही जमीन सोडली, याचेच अप्रूप वाटत राहिले.

जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, इएयासू याचा धाकटा मुलगा आणि मितो या सरदार घराण्याचा संस्थापक तोकुगावा योरिफुसा याने 1629 मध्ये बागेचे काम सुरू केले व त्याचा मुलगा मित्सुकुनी याने ते पूर्ण केले. चीनमधील मिंग राजवट कोसळल्यावर जपानमध्ये आश्रयाला आलेला विद्वान झू शुन्शुई याचा मित्सुकुनीने सल्ला घेतला, आणि बागेचे नावही झूनेच सुचवले. राज्यकर्त्याने चिंता सर्वांच्या आधी करावी आणि सुख सर्वांच्या नंतर भोगावे, या चिनी वचनावरून ते आले आहे. झूच्याच आराखड्याप्रमाणे बांधलेला एन्गेत्सुक्यो हा दगडी कमानीचा पूल मी बराच वेळ न्याहाळला. अर्धवर्तुळाकार कमान आणि तिचे पाण्यातील प्रतिबिंब मिळून पूर्ण वर्तुळ होते; मात्र ते दिसण्यासाठी पाणी स्थिर असावे लागते, आणि वारा पडेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी लागते.

तरीही माझे मन गुंतले ते या पुलापेक्षा बागेच्या उत्तरेकडील भातखाचरात. आपल्या वारसाच्या, म्हणजे त्सुनाएदाच्या, पत्नीला शेतकऱ्यांचे कष्ट कळावेत म्हणून मित्सुकुनीने ते इथे करवून घेतले, असे सांगतात. सरदार घराण्याच्या विहाराच्या बागेत, तळी, टेकड्या आणि चहागृहे यांच्या बरोबरीने, चिखलाचे शेत असावे आणि ते घरातील सुनेने पाहावे, हा विचार मला या बागेतील सर्वांत मोलाचा वाटतो. बागेच्या नावातील वचन केवळ फलकावर राहू नये, त्याला मातीत जागा मिळावी, अशीच ही योजना आहे.

हल्ली परिसरातील प्राथमिक शाळेतील मुले मे महिन्यात इथे लावणी करतात आणि शरद ऋतूत कापणीही करतात. आज रोपे वीतभर उंच झाली होती. ओळी मधूनच वाकड्या होत्या, एखाद्या ठिकाणी दोन चुडे अगदी जवळ लागलेले होते, आणि त्यांच्या मधल्या उथळ पाण्यावर पाणकिडे पळत होते. कोकणात या दिवसांत अजून तरवाच, म्हणजे लावणीआधीची रोपे, वाढत असतो आणि लावणीची लगबग पुढे सुरू होते. इथे मात्र खाचर हिरवे झालेले, आणि शेजारी आयरिसची जांभळी-पांढरी फुले ऐन बहरात. बरेच लोक फुलांची छायाचित्रे घेऊन पुढे जात होते. खाचराच्या बांधापाशी एक आजोबा मात्र नातवाला खाली बसवून रोपाचे मूळ कुठे असते ते दाखवत होते.

मेइजी काळात (1868 ते 1912) मितो घराण्याच्या या जागेवर लष्कराचा शस्त्रकारखाना उभा राहिला, 1923 च्या भूकंपाने आणि 1945 च्या हवाई हल्ल्यांनी इमारतींची मोठी हानी केली. तरी बाग टिकली, आणि 1952 मध्ये तिला विशेष ऐतिहासिक स्थळ व विशेष निसर्गरम्य स्थळ असा दुहेरी दर्जा मिळाला.

पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्याच ओकायामा शहरातील कोराकुएन नावाच्या ज्या दुसऱ्या बागेवरून बेतले, तिथेही भाताची लागवड होते. पुण्याचे ते उद्यान मी अनेकदा पाहिले, पण तिथली तळी आणि पूल पाहताना त्यामागील शेताचा विचार कधी केला नव्हता. आता ओकायामालाही जायचे आहे, आणि त्याआधी इथल्या कापणीच्या दिवसांत पुन्हा याच बांधावर यायचे, हे नक्की केले आहे.