पोटशूळ झालेली घोडी घेऊन चोर्ल्यातून बेळगाव: निघण्याआधी हे वाचा

गोव्यातून चोर्ला घाटाने बेळगावला जाताना लागणारा जांबोटीचा रस्ता आता गुळगुळीत झालाय, असं मला तीन जणांनी सांगितलं. त्यांच्यापैकी एकानेही पावसाळ्यानंतर तिथून गाडी नेलेली नव्हती, हे मला परत आल्यावर कळलं. कणकुंबी ते जांबोटी एवढ्या तुकड्याला आम्हाला दीड तास लागला आणि त्या दीड तासात घोडी दोनदा गुडघ्यावर आली. घरी येऊन दोन दिवस झालेत, झोप अजून भरून निघालेली नाही. पण विसरायच्या आत लिहून टाकते, कारण किनाऱ्यावर घोडी बाळगणारी आमच्यासारखी घरं आणखी आहेत.

मैना आमची मारवाडी घोडी, नऊ वर्षांची. उत्तर गोव्यात, किनाऱ्यावरच्या मांद्र्यात असते. नोव्हेंबरपासून किनाऱ्यावरच्या लग्नांत वरातीला जाते आणि वरात सुरू होईपर्यंत तासन् तास वाळूत उभी राहते. तिथेच तिच्यापुढे गवताची पेंढी टाकायची, चंदी, म्हणजे दाण्याचं खाणं, पसरायची, ही वडिलांच्या वेळेपासूनची सवय. सगळं त्या वाळूतूनच निघालं.

संध्याकाळी सातला ती पुढच्या पायाने जमीन खोदायला लागली. वळून कुशीकडे बघायची, बसायची, उठायची. आमचे नेहमीचे डॉक्टर तासाभरात आले. नाकातून नळी घालून त्यांनी पोट तपासलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं. घोड्याला उलटी होत नाही. पोटात साठलं की ते नळीनेच काढावं लागतं, नाहीतर पोट फुटतं. म्हणून कोणी कितीही आग्रह केला तरी बाटलीने तोंडात तेल ओतू नका. ते फुप्फुसात जातं.

इंजेक्शननंतर मैना शांत झाली आणि आम्ही सुस्कारा सोडला. इथेच आमचे दोन तास गेले. दुखणं झाकलं जातं, आतलं तसंच राहतं. खरं काय ते नाडी सांगते. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला दोन बोटं ठेवा, दोरीसारखी शीर लागते. निरोगी मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४. मैनाचे सातला ५२ होते, दहाला, इंजेक्शन अंगात असताना, ६४. डॉक्टर म्हणाले, "हिला रात्रभर सलाईन लागेल, अडकात, म्हणजे जनावर हलू नये अशा चौकटीत, उभं करून तपासावं लागेल. इथे ते होणार नाही. बेळगावला न्या." माझं मत विचाराल तर इंजेक्शन देऊनही नाडी ६० च्या वर असेल तर आणखी कोणाला विचारत बसू नका, गाडी बोलवा.

बेळगावच्या डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. आम्हाला माहीत नव्हतं. शिंप्याची टेप आणा, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. मैनाचा घेर १६५, लांबी १५०, म्हणजे साधारण ३४४ किलो. औषधाची मात्रा यावर ठरते. हे आजच मोजून तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

आता गाडीचं. घोड्यांची गाडी रात्री अकराला मिळत नाही, पिकअप मिळतो. नऊ हजार ठरले. साखळीला पोचल्यावर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि सोळा मागितले. म्हणाला, "ताई, आजारी जनावर आहे, रात्रीचा घाट आहे, वर काही झालं तर मी काय करू?" मी भांडले, आणि दिले. मागे घोडी उभी असताना भाव करता येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून भाडं, घाट, रात्र, थांबण्याचे पैसे सगळं धरून, जनावर चढवायच्या आधी फोनवर लिहून मागा आणि अर्धेच द्या. तोंडी ठरलेल्याला काडीची किंमत नाही.

चढवायला फळी नव्हती. चिऱ्याच्या बांधाला गाडीचा मागचा भाग टेकवला आणि घोडी सपाट चालत आत गेली. हा भाग मात्र सोपा झाला. गाडीच्या पत्र्यावर आम्ही ओली पोती आणि त्यावर काथ्याच्या चटया घातल्या. लीद पडली की नुसता पत्रा साबणासारखा होतो. भाताचा पेंढा घालणार असाल तर घोडीच्या तोंडाला मुसकं बांधा, नाहीतर दुखत असतानाही ती खाईल. दावं एका ओढीत सुटेल अशा गाठीचं हवं, आणि इतकं आखूड नको की तिला मान खाली घालता येणार नाही.

कागदाचं एक महत्त्वाचं. प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे जनावर प्रवासाला योग्य आहे असा डॉक्टरांचा दाखला लागतो. आजारी घोडी योग्य कशी म्हणायची? आमच्या डॉक्टरांनी वेगळं पत्र दिलं: उपचारासाठी पाठवत आहे, ताप इतका, नाडी इतकी, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं. केरीच्या नाक्यावर ते दाखवलं आणि पाच मिनिटांत सुटलो. बेळगावच्या डॉक्टरांनीही आधी तेच वाचलं, म्हणून दुसरं इंजेक्शन चुकून लगेच दिलं गेलं नाही. पत्राशिवाय निघू नका.

केरीच्या पुढे फोन लागेनासा झाला तो जांबोटीपर्यंत. दवाखान्याला फोन करायचा तो साखळीतच करा, नकाशाही तिथेच उतरवून घ्या.

गोव्याकडचा घाट वळणांचा आहे, पण डांबर चांगलं होतं. ड्रायव्हरला एकच सांगत राहायचं: ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. घोडं चार पायांवर तोल सावरतं, त्याला पुढचं वळण दिसत नाही. वर चोर्ल्यात धुकं होतं. हळू गेलो, बिघडलं काही नाही.

कणकुंबी सोडली आणि रस्ता संपला. दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. डांबराचे तुकडे बेटांसारखे, मधे खड्डे, खड्ड्यांत पाणी, आणि पाण्याखाली किती खोल आहे ते चाक आत गेल्यावर कळतं. पहिल्या मोठ्या खड्ड्यात मैना पुढच्या गुडघ्यांवर आली. माझा धाकटा भाऊ मागे तिच्याजवळ उभा होता. ती उठताना बाजूच्या फळीवर आली आणि त्याचा हात मधे सापडला. हाड वाचलं, पण दोन नखं काळी झालीत. मागे जनावराजवळ कोणीही उभं राहू नका, कितीही जीव तुटला तरी. तो उतरायला तयार नव्हता. बॅटरीच्या उजेडात तिची नाकपुडी रुंदावत होती, आकसत होती, आणि तो तिच्या कपाळाला कपाळ लावून उभा होता. मीही त्याला खाली ओढलं नाही. ती माझी चूक.

आम्ही दर वीस मिनिटांनी थांबलो, इंजिन बंद केलं, नाडी मोजली. ६८, ७२, पुन्हा ६८. त्या अंधारात सेकंदकाट्याकडे बघत ठोके मोजणं मला जन्मभर पुरेल. दुसऱ्यांदा ती खाली आली तेव्हा मला वाटलं आता उठणार नाही. उठली.

कुसमळीला मलप्रभेच्या पुलाजवळ थांबलो असताना तिचा वारा सरला. मोठ्याने, लांब. भाऊ आणि मी तिथेच रस्त्यावर रडलो. धक्क्यांनी पोट मोकळं होतं असं आता ज्याला त्याला सांगावंसं वाटतं, पण त्या भरवशावर कोणी निघू नका. आमचं नशीब होतं.

पोचलो तेव्हा पहाटेचे पावणेचार. साखळीहून फोन केल्यामुळे दिवे लावलेले होते, माणसं बाहेर उभी होती. अडकात घातली, नळी, सलाईन, आतून हाताने तपासणी. मग डॉक्टरांनी स्टेथोस्कोप तिच्या पोटाच्या खाली, बेंबीच्या पुढे लावला आणि माझ्या कानात दिला. लाटांचा आवाज. अगदी मांद्र्याचा समुद्र, दूरून ऐकावा तसा. मोठ्या आतड्यात साठलेली वाळू आतडं हललं की असा आवाज करते.

उपचार इसबगोलाचा. आपण घेतो तोच, फक्त किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे मैनाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, जोडीला मॅग्नेशियम सल्फेट, दोन्ही नळीने. इसबगोल पाण्यात लगेच फुगतो आणि नळी तुंबते, म्हणून कालवला की क्षणभर न थांबता सोडायचा. हे घरी करून बघू नका. नळी फुप्फुसात गेली तर घोडी जाते. तीन रात्री, सगळं धरून अडतीस हजार. त्या माणसांनी जे केलं त्याला हे पैसे कमीच वाटले. सोळा हजारांचं भाडं मात्र अजून खुपतंय.

परत आंबोलीने आलो, सावंतवाडी, बांदा, घर. सांगण्यासारखं काही नाही.

म्हणून माझा निकाल साधा आहे. पेडणे आणि बार्देशातून घोडं न्यायचं असेल तर आंबोलीने जा. अंतर जास्त वाटतं, पण घोडी उभी राहते. पावसाळ्यात मात्र दरड कोसळली आहे का ते आधी सावंतवाडीत कोणाला तरी विचारा. सत्तरी-डिचोलीवाल्यांना चोर्ला जवळ पडतो, तरी रात्री नको. आणि रस्ता कसा आहे ते त्याच दिवशी तिथून उतरलेल्या ट्रकवाल्याला विचारा. गावातल्या कोणाला नाही.

आता चंदी रबराच्या घमेल्यात, गवत चटईवर. वरातीच्या ठिकाणीही चटई बरोबर न्यायची, असं भावाने मंडपवाल्यांना सांगून टाकलंय. इसबगोल महिन्यातून सात दिवस, ओलसर चंदीत कालवून लगेच पुढे ठेवायचा. रोज सकाळी लिदीच्या ढिगाच्या मधला, जमिनीला न लागलेला भाग काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून ठेवते. अर्ध्या तासात वाळू तळाला बसते. दवाखान्यात पहिल्या दिवशी दोन बोटं जाड थर होता. आज नखाएवढा आहे, आणि मैना बरणीकडे मान लांब करून बघत होती.