ओल्या लाकडाच्या गाड्या: वायोमिंगमधले दोन दिवस

नाना, माझे वडील, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे डेन्व्हरला आलेत आणि दोन महिन्यांतच त्यांचा अमेरिकेतला सगळा रस संपला. मॉल बघून झाले, डोंगर बघून झाले ("आहेत चांगले, पण तिथं जाऊन करायचं काय?"). मग एकदा जेवताना मी सहज म्हणाले की इथून तीन तासांवर दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी पश्चिमेला वस्ती करायला निघालेल्या लोकांच्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दगडात अजून दिसतात, तर हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, दगडात? कसला दगड? झालं, पुढच्या शनिवारी पहाटे पाचला नाना बूट घालून सोफ्यावर तयार.

नाना माणदेशातले. घरी खिलार बैल होते, गाडी होती, आजोबांचा बैलांवर भारी जीव. हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं मी नानांच्या डोळ्यांनी बघितलंय, एकटी गेले असते तर फोटो काढून परत आले असते.

पहिला थांबा गर्न्सी. नॉर्थ प्लॅट नदीच्या काठचं छोटंसं गाव आणि गावाबाहेर मऊ वाळूच्या दगडाची एक टेकडी. नदीकाठ चिखलाचा, म्हणून ओरेगन, कॅलिफोर्निया, युटा कुठेही जाणारी गाडी असो, तिला या टेकडीवरूनच जावं लागायचं. वर्षानुवर्षं तीच वाट, तीच चाकं. काही ठिकाणी चाकोरी एवढी खोल गेलीय की आत उतरल्यावर नानांच्या छातीपर्यंत दगड. ते आत उतरून बराच वेळ हाताने कडा चाचपत राहिले. मग म्हणाले, "हे नुसत्या चाकानं नाही झालेलं, ब्रेक लावलाय गड्यांनी, इथं उतार आहे बघ." खरं-खोटं मला माहीत नाही पण उतार होता खरा.

तिथून पुढे कॅस्परला जाताना ग्लेनरॉक नावाचं गाव लागतं, तिथला ओढा म्हणजे डिअर क्रीक. तो लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येते.

कॅस्परला या सगळ्या वाटांचं एक म्युझियम आहे. ताडपत्रीची गाडी नानांनी तिथे पहिल्यांदा समोर बघितली. सिनेमातली माणसं आत बसून जातात ना, तसं नव्हतं, आत सामान आणि आजारी माणसं, बाकी सगळे चालत, दोन हजार मैल, पाच-सहा महिने. स्प्रिंगा नाहीत त्यामुळे गाडी इतकी हादरायची की दुधाचं भांडं टांगून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत लोणी यायचं. हाकणारासुद्धा वर बसत नसे, बैलांच्या डाव्या बाजूने चालायचा, हातात लगाम नाही की कासरा नाही. "जी" म्हटलं की उजवीकडे, "हॉ" म्हटलं की डावीकडे. हे नानांना फारच पटलं, म्हणाले शिकवलेला बैल असेल तर कासरा लागतो कशाला. पण जू बघून मात्र थबकले. आपल्याकडे जू वशिंडाच्या पुढे मानेवर बसतं, बाहेरच्या बाजूला शिवळ, म्हणजे खुंटी, झालं. इथल्या बैलाला वशिंडच नाही! म्हणून गळ्याखालून वाकवलेल्या लाकडाची एक कमान घालून ती जुवात अडकवतात. नानांनी त्याचे सहा फोटो काढायला लावले, सगळे एकाच अँगलने, भावाला पाठवायचे म्हणून.

पण आमची खरी ट्रिप दुसऱ्या दिवशीची. त्यासाठी आधी थोडी गोष्ट सांगायला लागेल.

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची माणसं १८४७ पासून युटात, सॉल्ट लेकला वस्ती करत होती आणि इंग्लंड, स्कॉटलंड, डेन्मार्ककडचे नवे अनुयायी तिकडे यायला निघायचे. गरीब लोक, गिरणी कामगार वगैरे. बैल-गाडी घ्यायला पैसे नाहीत, पंथाच्या फंडातही खडखडाट, त्यात १८५५ मध्ये टोळांनी युटातली पिकं खाल्लेली. म्हणून ठरलं की बैल नकोतच, हातगाडी ओढत या. दोन चाकं, पुढे आडवी दांडी, पाच माणसांमागे एक गाडी, वीस माणसांमागे एक तंबू. रेल्वे आयोवा सिटीपर्यंत, तिथून पुढे १३०० मैल पायी. सामान मोठ्या माणसाला १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. अंथरूण-पांघरूण-कपडे सगळं धरून! विमानात हातातली बॅग सात किलोची असते आणि ती भरताना आपली काय तारांबळ उडते ते आठवा. नाना तर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन आलेत आणि त्यातली एक निम्मी नुसती मसाला आणि शेंगदाण्याची चटणी.

१८५६ मध्ये पाच तुकड्या निघाल्या. पहिल्या तीन सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बऱ्यापैकी नीट पोचल्या, म्हणजे कल्पना अगदीच वेडी नव्हती. शेवटच्या दोन, विली आणि मार्टिन यांच्या तुकड्या, मिळून हजारेक माणसं, आयोवा सिटीला आली तर गाड्याच तयार नाहीत. मग घाईघाईत गाड्या केल्या, ओल्या लाकडाच्या. निघता निघता जुलै निम्मा सरला. नेब्रास्कात फ्लॉरेन्सला पोचल्यावर मिटिंग झाली, लिव्हाय सॅव्हेज नावाच्या एकाने स्पष्ट सांगितलं की आता उशीर झालाय, थंडी इथेच काढू. बहुमत निघायच्या बाजूने पडलं. तोही मग त्यांच्याबरोबरच गेला.

हे मी गाडीत नानांना सांगत होते तर ते "ओल्या लाकडाच्या" वरच अडकून बसले. "ओल्या लाकडाच्या? चाकं?" म्हटलं हो. म्हणाले, "आमच्या बापानं तसल्या सुताराला दारात उभं केलं नसतं." बाभळीचं लाकूड तोडून किती दिवस मुरवायचं, मग चाकाचा मधला तुंबा, त्यातले आरे, मग लाल केलेली लोखंडी धाव चढवून वर पाणी ओतायचं म्हणजे ती आवळून बसते, हे सगळं त्यांनी पन्नास मैल सांगितलं. लाकूड वाळलं की आकसतं, धाव सैल होते, आरे खुळखुळतात. उन्हाळ्यात तर मुरलेल्या लाकडाचंही तसं होतं, आजोबा मग गाडी रात्रभर ओढ्यात उभी करायचे. इथली कोरडी हवा, खाली रेती, आणि लाकडी कण्यावर लाकडी चाक. रेतीने कणे झिजायला लागले तर या लोकांनी बुटांचं कातडं कापून गुंडाळलं, पत्र्याच्या ताटल्या ठोकल्या, आणि वंगण म्हणून खायचं बेकन आणि साबण. खायचं बेकन! नाना गप्पच झाले.

वाटेत इंडिपेंडन्स रॉक लागला. चाळीसेक मीटर उंच, पालथ्या घातलेल्या कढईसारखा ग्रॅनाइटचा खडक. चार जुलैपर्यंत इथे पोचलात तर बर्फाच्या आधी डोंगर पार होतील असा हिशेब होता. लोकांनी नावं कोरलीत, कोणी वंगणाने रंगवलीत. म्हणजे आपल्या गडांवर लोक करतात तेच, फक्त जुनं झालं की हेरिटेज होतं. वारा इतका की गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरावं लागलं, नानांची टोपी गेली ती गेलीच. आणि ही सगळी जमीन काही रिकामी नव्हती, शोशोनी, अरापाहो, शायेन, लकोटा या मूळच्या जमातींची होती, १८५१ मध्ये फोर्ट लॅरमीजवळ करारही झाला होता. पाट्यांवर त्यांच्याबद्दल कमीच वाचायला मिळालं, गाड्यांबद्दल जास्त.

तिथून जवळच मार्टिन्स कोव्ह. आता डिअर क्रीककडे येते. ऑक्टोबर निम्मा झालेला, पिठाचं रेशन कमी केलेलं, गाड्या ओढवेनात, म्हणून मार्टिनच्या तुकडीने त्या ओढ्याकाठी ओझं कमी केलं, १७ पौंडांचे १० केले. म्हणजे काय टाकलं? गोधड्या आणि कोट. थोड्याच दिवसांत, १९ ऑक्टोबरला, नॉर्थ प्लॅट शेवटची ओलांडली, कमरेइतक्या गार पाण्यातून, आणि त्याच दिवशी बर्फ सुरू झालं. सॉल्ट लेकला ही माणसं अजून वाटेत आहेत हे कळलं तेच ४ ऑक्टोबरला. पंथाचा प्रमुख ब्रिगम यंग याने दुसऱ्याच दिवशी सभेत गाड्या, खेचरं आणि पीठ मागितलं आणि ७ तारखेला मदत निघालीसुद्धा, पण मधे शेकडो मैल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मदतवाल्यांनी मार्टिनच्या लोकांना या डोंगराच्या बगलेत, वाऱ्याच्या आडोशाला आणलं. दोन्ही तुकड्या मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली.

आता तिथे पंथाचं छोटं केंद्र आहे आणि म्हातारी स्वयंसेवक जोडपी असतात. हातगाड्या ओळीने लावलेल्या, फुकट, घ्या आणि ओढा. एका आजोबांनी आम्हाला एक दिली. माझा लेक मागून ढकलत, मी दांडीच्या आत. रिकामी गाडी, सपाट वाट, तरी अर्ध्या मैलात खांदे भरून आले, आणि मी जिमला जाते म्हणे. नाना आधी ओढेनातच, खाली वाकून चाक बघत बसले. तुंब्याला टिचकी मारली, धाव हलवून बघितली, कण्याशी वाकून म्हणाले, "आत लोखंडी बुश घातलाय. ही पळंल. ही पोचली असती." ते आजोबा माझ्याकडे बघायला लागले, मी भाषांतर केलं, तर ते हसले आणि मान डोलावून म्हणाले, तुमच्या वडिलांनी बरोब्बर पकडलं.

कड्याखालच्या खोबणीत पाटी आहे, बाकी काही नाही, सेजची झुडपं आणि पाइन. लेकाने विचारलं आजोबा, इथे का थांबले, घरात का नाही गेले. नाना म्हणाले, घरच नव्हतं रे बाळा. मग पिशवीतनं दशमी काढून त्याला दिली आणि स्वतः काही खाल्लं नाही.

परत आल्यावर गाडी जागेवर लावायची होती. सगळ्यांनी आपापल्या गाड्या दांडी जमिनीवर टाकून तशाच सोडलेल्या. नाना इकडेतिकडे फिरले, एक बऱ्यापैकी सपाट दगड शोधून आणला आणि आमच्या गाडीच्या दांडीखाली टेकू लावला. मग शेजारच्या गाडीखाली. तिसऱ्या गाडीला मी म्हटलं, नाना, चला ना, रॉलिन्सवरून जायचंय, अंधार होईल. "हो हो, झालंच," म्हणाले आणि चौथा दगड शोधायला गेले.